मण्यार चावली तर: तुटलेला जोड जुळेपर्यंत

पहाटे तीन-साडेतीनला घरातलं धडधाकट माणूस पोट धरून उठतं. पोटात कळ येते, मळमळतं, घसा आवळल्यासारखा होतो. रात्रीचं जेवण बाधलं असेल म्हणून ओवा होतो, सोडा होतो, आल्याचा रस होतो. तासाभरानं तेच माणूस म्हणतं, डोळ्यांवर झापड येतेय. घरच्यांना वाटतं, रात्रभर झोप नाही, झापड येणारच. नेमकं इथंच थांबून विचार करायचा असतो. दिवस पावसाळ्याचे, माणूस जमिनीवर झोपलेलं, पहाटे पोटात कळ आणि मग जड झालेल्या पापण्या, एवढं जुळून आलं की अंगावर दाताची खूण दिसो न दिसो, पान लागलंय, म्हणजे साप चावलाय, असं धरायचं आणि गाडी काढायची.

पारनेर तालुक्यात हे सांगायची गरज जास्त आहे. कान्हूर पठाराकडं श्रावण-भाद्रपदात वाटाण्याची तोडणी चालते तेव्हा बाहेरून आलेले मजूर शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, ओळीनं, जमिनीवर झोपतात. सुप्याच्या एमआयडीसीतल्या भाड्याच्या खोल्यांत तेच. मेंढ्यांचा वाडा बसतो तिथं तर छप्परही नसतं. रात्रीची लाईट असली की पाणी धरणारा माणूस दोन पिकांच्या मधे घोंगडी टाकून पडतो. कांदा चाळीत, बाजरी कणगीत, दोन्हींमागं उंदीर आणि उंदरांमागं लांबडं, म्हणजे साप. नाग आणि घोणस आपल्याला शेतात भेटतात, दिवसाउजेडीसुद्धा. मण्यार मात्र रात्री घरात येते. उंदीर, पाली, दुसरे साप शोधत ती भिंतीच्या कडेकडेनं सरकते, अंथरुणात शिरते आणि झोपेत आपण कूस बदलली की चावते.

काळी-निळसर, तुकतुकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीजोडीनं. डोक्याकडच्या भागात पट्टे फिके असतात किंवा नसतातच. कवड्या साप असाच दिसतो, पण त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि तो बिनविषारी आहे. हा फरक पुस्तकात वाचायला बरा. पहाटेच्या अंधारात, थरथरत्या बॅटरीच्या उजेडात तो ओळखायला जाऊ नका. मण्यारीचे दात इतके लहान की चावल्याचं दुखत नाही, सूज येत नाही, रक्त येत नाही. डास चावला असेल म्हणून माणूस खाजवतं आणि परत झोपतं. म्हणून आपल्याकडं ‘रात्री चांगला जेवला, झोपला, सकाळी उठलाच नाही’ असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं, त्यांतले सगळेच हृदयविकारानं गेलेले असतील असं मला वाटत नाही.

विष नेमकं कुठं बसतं

हात उचलायचा हुकूम मेंदूतून कण्यात येतो आणि कण्यातून मज्जातंतूवाटे दंडाच्या स्नायूपर्यंत विजेच्या रूपात पोचतो. पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मधे सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते, म्हणजे केसाच्या जाडीचा दीड-दोन हजारावा भाग. वीज ती फट ओलांडत नाही. तंतूच्या टोकाशी असिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या सूक्ष्म पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. हुकूम आला की त्या रित्या होतात, रसायन पलीकडं जातं, स्नायूवर ते झेलणाऱ्या रिसेप्टरांना बसतं आणि स्नायू आखडतो. काम झालं की तिथलंच एक विकर ते रसायन मोडून टाकतं आणि तंतू-स्नायूचा हा जोड पुढच्या हुकमाला मोकळा होतो. या देवघेवीचा उलगडा करणाऱ्या बर्नार्ड कात्झ यांना १९७० मध्ये नोबेल मिळालं.

निसर्गानं इथं हात सढळ ठेवला आहे. एका हुकमाला लागतं त्याच्या काही पट रसायन सुटतं. त्यामुळं जोड थोडासा बिघडला तरी बाहेरून काही कळत नाही. माणूस चालतं, बोलतं, चहा मागतं. ही शिल्लक संपते तेव्हाच पापणी ओघळायला लागते. म्हणजे पापणी जड झालेली दिसते त्या वेळी विषाचं काम सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो. ‘थोडीशीच झापड आहे, उजाडल्यावर बघू’ हे वाक्य म्हणून महागात पडतं.

मण्यारीच्या विषात दोन तऱ्हेची द्रव्यं असतात. एक स्नायूच्या बाजूला जाऊन रिसेप्टर अडवून बसतं. दुसरं मज्जातंतूच्या टोकात शिरतं, पिशव्या रित्या करून टाकतं आणि मग ते टोकच नासवतं. नागाच्या विषात मुख्यतः पहिलाच प्रकार असतो. म्हणून नाग चावलेल्याला ॲट्रोपिन आणि निओस्टिग्मिनची सुई दिली की मिटलेले डोळे कधीकधी अर्ध्या तासात उघडतात. ही सुई असिटिलकोलिन मोडू देत नाही, ते साठतं आणि अडवलेल्या रिसेप्टरांपर्यंत वाट काढतं. मण्यारीच्या बाबतीत रसायन सोडणारं टोकच शिल्लक नसेल तर साठणार काय? नागाच्या रुग्णाला गुण आला म्हणून आपल्याही रुग्णाला यावा, असा हट्ट डॉक्टरांपाशी धरू नये तो यासाठी.

हा जोड पहिल्यांदा कसा बनतो

टोक नासलं तर माणूस बरा कसा होतो? शरीर ते टोक नव्यानं उगवतं. आणि ते कसं उगवतं हे समजायला आईच्या पोटातल्या बाळाकडं जावं लागतं, कारण हा जोड पहिल्यांदा तिथं बनतो.

गर्भ दोनेक महिन्यांचा असतो तेव्हा कण्यातून निघालेले मज्जातंतू हातापायांच्या कोवळ्या स्नायूंपर्यंत पोचलेले असतात. त्याच सुमाराला सोनोग्राफीत गर्भाची पहिली हालचाल टिपता येते. आईला ती जाणवते पुष्कळ नंतर, १८-२० आठवड्यांच्या आसपास. तंतू येऊन भिडेपर्यंत स्नायू नुसता वाट बघत बसत नाही. तो आपल्या मधल्या पट्ट्यात रिसेप्टर आधीच गोळा करायला लागतो. तंतू तिथं टेकला की त्याच्या टोकातून ॲग्रिन नावाचं प्रथिन सुटतं. स्नायूवरचं मस्क नावाचं प्रथिन त्याला ओ देतं. मग टोकाखाली रिसेप्टरांची दाटी होते आणि इतरत्र विखुरलेले रिसेप्टर नाहीसे होत जातात. पुरत्या वाढलेल्या जोडात एका चौरस मायक्रोमीटर जागेत सुमारे १०,००० रिसेप्टर असतात.

सुरुवातीला मात्र तिथं गर्दी असते. एकेका स्नायूतंतूवर दोन-तीन मज्जातंतूंचे फाटे येऊन बसलेले असतात. पुढं त्यांच्यात चुरस लागते. एक टिकतो, भक्कम होतो, बाकीचे मागं सरतात. उंदराच्या पिल्लात हे सगळं जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत उरकतं. माणसात बरंचसं जन्माआधीच झालेलं असतं. कोणता फाटा टिकणार यात किती हुकूम कोणत्या वाटेनं येतात याचा वाटा मोठा आहे. गर्भ पोटात हातपाय हलवत असतो तेव्हा जोडांची ही निवड चालू असते.

हे सगळं बघता आलं तेही मण्यारीच्या विषामुळं. तैवानमध्ये चुआन-चिउंग चांग आणि चेन-युआन ली यांनी १९६३ मध्ये तिथल्या मण्यारीच्या विषातून ‘अल्फा-बंगारोटॉक्सिन’ वेगळं काढलं. मण्यारीच्या कुळाचं शास्त्रीय नाव बंगारस, त्यावरून हे नाव. हे द्रव्य रिसेप्टरला घट्ट चिकटतं. त्याला चमकणारा रंग लावला की सूक्ष्मदर्शकाखाली जोड उजळून दिसतो. स्नायू-मज्जातंतूंचे जोड कसे जुळतात, कुठं दाटतात, कसे विरतात, ते जगभरच्या प्रयोगशाळा आजही त्याच विषानं बघतात. मायस्थेनिया या आजारात, म्हणजे संध्याकाळ झाली की पापण्या आणि आवाज गळून जाणाऱ्या दुखण्यात, रिसेप्टर कमी झालेले असतात, हेही १९७३ मध्ये याच द्रव्यानं मोजून सिद्ध झालं.

आता पारनेरच्या रुग्णाकडं परत येऊ. विषानं तंतूचं टोक नासतं, पण ज्या पातळ आवरणावर ते टोक बसलेलं असतं ते शाबूत राहतं, त्याला झाकणाऱ्या ‘श्वान’ नावाच्या पेशी राहतात आणि समोरचा स्नायू मेलेला नसतो. दोडक्याचा वेल वाळला तरी मांडव उभा राहतो, तसं. मागं उरलेला तंतू पुन्हा वाढतो आणि जुन्याच जागेवर येऊन टेकतो. न्यूकॅसलला जॉन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर हे पाहिलं. विष टोचल्यावर तीन ते सहा तासांत टोकं बिघडायला लागली, दिवसभरात बहुतेक स्नायूतंतू उघडे पडले, आणि तीन ते पाच दिवसांनी नवे तंतू येऊन भिडायला लागले. ही वाढ औषधानं घाईला आणता येत नाही. ती पोटातल्या बाळाच्या वेळी जशी स्वतःच्या चालीनं झाली होती, तशीच पुन्हा होते.

प्रतिसर्पविषाचं म्हणजे एएसव्हीचं काम यावरून नीट कळतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती म्हणजे एएसव्ही. आपल्याकडं मिळणारं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. हाफकिनसारख्या सरकारी संस्थेनंही ते वर्षानुवर्षं बनवलं आहे. रक्तात फिरणारं विष ते पकडतं. टोकात शिरलेलं विष त्याच्या हाती लागत नाही आणि तुटलेला जोड ते जोडत नाही. म्हणजे पहिल्या दोन-तीन तासांत दिलेलं एएसव्ही जितके जोड वाचवतं तितके ते दहा तासांनी वाचवू शकत नाही, मग बाटल्या कितीही चढवा. उशीर झालेल्यालाही ते देतातच, कारण रक्तात विष उरलेलं असू शकतं.

गाडी निघेपर्यंत आणि गाडीत

मुख्य धोका श्वासाचा आहे. पापण्या, जीभ, घसा, मान आणि मग छातीचे व श्वासपटलाचे स्नायू, असं साधारण वरून खाली सगळं गळत जातं. म्हणून तोंडानं काहीही द्यायचं नाही. पाणी नाही, तूप नाही, कडुनिंबाचा पाला नाही, मिरची तिखट लागते का बघण्याची परीक्षाही नाही. गिळता न येणाऱ्या माणसाच्या घशात गेलेलं पाणी फुप्फुसात जातं.

आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. कुणी आधीच घट्ट दोरी बांधली असेल तर ती रस्त्यात सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरांसमोर सुटू द्या. अंगठ्या, जोडवी, बांगड्या, करदोटा काढून ठेवा. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीनं किंवा दुमडलेल्या पुठ्ठ्यानं स्थिर ठेवा. माणसाला चालवू नका, उचलून न्या. मोटरसायकलवर न्यावंच लागलं तर दोघांच्या मधे बसवा, कारण मान कधी टाकेल सांगता येत नाही. लाळ गळायला लागली किंवा उलटी आली की डाव्या कुशीवर वळवा.

साप मारत बसू नका, पकडू तर नकाच. लांबून फोटो मिळाला तर बरं. पण फोटो सर्पमित्राला पाठवून त्याचं उत्तर येईपर्यंत गाडी दारात उभी ठेवणारे लोक आहेत, आणि मला त्यांचा राग येतो. चारही सापांना औषध एकच आहे. सापाचं नाव कळलं तर डॉक्टरला मदत होईल, नाही कळलं तरी उपचार अडत नाहीत.

गाडीत बसलेल्या एकानं घड्याळ हातात धरावं आणि दर दहा मिनिटांनी चार गोष्टी करून घ्याव्या. डोकं न हलवता वर बघायला सांगा आणि पापण्या किती उघडतात ते पहा. जीभ बाहेर काढायला सांगा. आडवं असताना मान उचलायला सांगा. एका दमात आकडे म्हणायला लावा. निघताना तीसपर्यंत म्हणणारं माणूस पुढं पंधरालाच थांबायला लागलं तर श्वासाचे स्नायू दमत चाललेत. वेळ आणि आकडा मोबाइलवर टिपून ठेवा. ‘साडेचारला २८, पावणेपाचला १९’ एवढं जरी डॉक्टरला सांगितलं तरी तो तुम्हाला दुसरा प्रश्न विचारायच्या आधी श्वासाची नळी घालायची तयारी करेल.

कुठं जायचं हे त्या रात्री ठरवायचं नसतं. सरकारी दवाखान्यात एएसव्ही फुकट मिळतं, पारनेरच्या ग्रामीण रुग्णालयातही त्याची चौकशी आधीच करून ठेवता येते. पहिला डोस जिथं लवकरात लवकर मिळेल तिथं घ्यायचा आणि मग व्हेंटिलेटरच्या दिशेनं निघायचं. टाकळी ढोकेश्वर, कर्जुले हर्या भागातल्यांना आळेफाटा-नारायणगावची बाजू जवळ पडते. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांत आयुष्य घातलं आहे, हे या पट्ट्यात बहुतेकांना ठाऊक आहे. निघोजकडच्यांना शिरूर जवळ, सुपा-वाडेगव्हाणकडच्यांना नगर किंवा शिरूर. १०८ ला फोन करताना ‘साप चावलाय, श्वासाला त्रास होऊ शकतो’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे मिळत असेल तर व्हेंटिलेटरची गाडी पाठवतात. पुढच्या दवाखान्याला फोन करून दोनच गोष्टी विचारा: एएसव्ही आहे का आणि व्हेंटिलेटर रिकामा आहे का. श्वास मधेच थांबला तर तोंडाला तोंड लावून श्वास देत रहा. हृदय चालू असतं, हवा पुरवायची असते. कुणी हात टेकले की सगळं संपतं.

देवऋष्याकडं जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना फक्त एक माहिती देतो. चावलेल्या प्रत्येक सापानं विष सोडलेलंच असतं असं नाही. कोरडे दंश पुष्कळ असतात, आणि बिनविषारी साप तर त्याहून पुष्कळ. देवळात नेऊन बरे झालेले बहुतेक त्यांतलेच. नवस फेडायचा तो घरी परत आल्यावर फेडता येतो.

दवाखान्यातले दिवस

सुरुवातीला साधारण दहा बाटल्या एएसव्ही देतात. लहान मुलालाही तेवढ्याच, आणि ‘एवढ्याशा पोराला दहा बाटल्या?’ म्हणून नातेवाईक घाबरतात. साप मूल बघून विष कमी सोडत नाही. विषाइतकं औषध लागतं, वजनाइतकं नाही. औषध घोड्याच्या रक्तातून आलेलं, त्यामुळं अंगावर पित्त उठणं, थंडी वाजणं, क्वचित रक्तदाब एकदम कोसळणं असं होऊ शकतं. त्यासाठी ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवूनच ते देतात. गावातल्या खाटेवर कुणी एएसव्ही लावून देतो म्हणाला तर नको म्हणा.

काही लक्षण दिसत नसलं तरी २४ तास रुग्णाला घरी नेऊ नका. मण्यारीचा परिणाम उशिरा येतो, आणि सकाळी हसत चहा पिणाऱ्याला दुपारी नळी लागलेली आहे.

व्हेंटिलेटर लागला की घरच्यांचा धीर सुटतो. ‘आता काही राहिलं नाही’ असं समजून माणसाला घरी न्यायची भाषा सुरू होते. वरचं सगळं लांबण मी या एका क्षणासाठी लावलं. व्हेंटिलेटर इथं नव्या टोकांना उगवायला वेळ मिळवून देतो. दोन-तीन दिवसांत बोटं हलायला लागणारे रुग्ण आहेत, आठवडा-दहा दिवस लागणारेही आहेत. त्या काळात माणूस दगडासारखा पडलेला असतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन उजेडालाही हलत नाहीत, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. मेंदू गेलेल्या माणसाचंही असंच दिसतं. पण मण्यारीचं विष मुख्यतः जोडावर बसतं, मेंदूवर नाही. तो रुग्ण बहुधा जागा असतो आणि त्याला ऐकू येत असतं. त्याच्या पलंगापाशी उभं राहून तिकिटाचे आणि क्रियाकर्माचे पैसे मोजू नका. कोणता वार आहे, किती वाजले, शेळ्या कुणी बांधल्या, ते सांगत रहा. नर्सला विचारून डोळ्यांत मलम किंवा थेंब घालायला सांगा, कारण अर्धवट उघडे डोळे कोरडे पडून बुबुळाला जखम होते. कूस बदलण्याचं वेळापत्रक विचारून घ्या, नाहीतर पाठीला जखमा होतात.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. खाजगी आयसीयूत दिवसाचा आकडा बघून घरचे हबकतात. पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या जन आरोग्य योजनेच्या मदतनीसाला गाठा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि जिल्हा रुग्णालयात व्हेंटिलेटर मिळतो का ते विचारून रुग्णवाहिकेतून सुरक्षित हलवता येईल का ते डॉक्टरलाच विचारा. शेतकरी कुटुंबातलं माणूस दगावलंच तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश येतो आणि २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी शवविच्छेदनाचा आणि पोलिसांचा कागद लागतो. दुःखात तो टाळला जातो आणि पुढं दार बंद होतं.

घरी आल्यावर

नळी निघाली म्हणजे सगळे जोड पक्के झाले असं नाही. हॅरिस यांच्या उंदरांत तंतू परत भिडल्यावर अनेक स्नायूतंतूंना शेजारच्या मज्जातंतूचे फाटे येऊन चिकटलेले होते. नवे जोड आहेत, त्यांची निवड व्हायची आहे. म्हणून पहिले काही आठवडे थकवा येतो, संध्याकाळी पापणी जड होते, पायऱ्या चढताना मांड्या थरथरतात. रोज चालणं, बसून उठणं, हातात तांब्या धरून उचलणं, एवढ्यापासून सुरुवात करावी आणि दमल्यावर थांबावं. ‘खाऊनपिऊन पडून रहा’ ही माया उपयोगाची नाही, आणि आठव्या दिवशी खुरपं हातात देणंही नाही. जेवण आधी मऊ भात, खिचडी, पेज. बसवून, हनुवटी जरा खाली करून, छोटा घास. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय पातळ देऊ नका.

एएसव्ही घेतल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांत ताप, अंगाला खाज, सांधे सुजणं असं होऊ शकतं. हे विष परत चढलेलं नसतं, घोड्याच्या प्रथिनांना शरीरानं दिलेलं उशिराचं उत्तर असतं. औषधानं जातं. पण दवाखान्यात जा आणि एएसव्ही घेतल्याचं सांगा.

याच जोडाशी आपली दुसरी गाठ पडते ती फवारणीत. कांद्यावरच्या काही कीटकनाशकांत ऑर्गॅनोफॉस्फेट असतं. ते असिटिलकोलिन मोडणारं विकर बंद पाडतं, रसायन साचतं, स्नायू फडफडतात, लाळ आणि घाम सुटतो. हे ठळक असतं, लोक दवाखान्यात जातात. फसतो तो यानंतरचा टप्पा. पहिला जोर ओसरून माणूस बोलायला-बसायला लागतं, घरचे सुटी मागतात, आणि एक ते चार दिवसांच्या दरम्यान मान उशीवरून उचलता येईनाशी होते, पाठोपाठ श्वास. विषबाधेचा रुग्ण बरा दिसला तरी चार दिवस दवाखान्यातून हलवू नका, आणि रोज सकाळी त्याला उताणं झोपवून मान उचलायला लावा.

अंथरूण

सन २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यातली, बहुतेक पावसाळ्यात. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. मण्यारीपुरतं बोलायचं तर त्यातला मोठा वाटा अंथरुणापाशीच उचलता येतो.

बाज किंवा पलंग असेल तर पावसाळ्यात तो वापरा, आणि गोधडीचं टोक जमिनीला टेकू देऊ नका. बाज नसेल तर मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत केलेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी आढळला. मात्र ती नुसती सोडून चालत नाही, चारही बाजूंनी सतरंजीखाली खोचावी लागते, आणि खोचण्याआधी बॅटरी मारून आतली घडी झटकावी लागते. रात्री उठणाऱ्याची बाजू हमखास उघडी राहते. लघवीला उठून आलेल्यानं परत आत शिरल्यावर ती पुन्हा खोचायची. अंथरूण भिंतीपासून हातभर लांब घाला, कारण मण्यार भिंत धरून चालते. सरपण, कडबा, कांद्याची पोती झोपायच्या खोलीत नकोत. दाराखालच्या फटीला जुन्या पोत्याची गुंडाळी लावा. मजुरांना खोली देणाऱ्या शेतकऱ्यानं वाटाण्याच्या हंगामाआधी माणशी एक मच्छरदाणी आणून ठेवावी. तिची किंमत एका दिवसाच्या मजुरीच्या आसपास असते.